एक्स-रे नॉर्मल, तरी हात वर जाईना

आई मोरीत घसरून पडल्या, एक्स-रे नॉर्मल आला, पण तीन आठवड्यांनीही वेणी घालता येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. एक्स-रेत हाड दिसतं, खांद्यातला फाटलेला कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा पट्टा) दिसत नाही. त्यासाठी सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो.

माझंही असंच झालं होतं. गड्ड्याच्या जत्रेहून परतताना स्कूटर घसरली, उजव्या खांद्यावरच आपटलो. मग तेल लावून चोळून घेण्यात पंधरा दिवस घालवले (सोलापुरात सल्ले फुकट मिळतात!). शेवटी डॉक्टरांनी हात वर करायला सांगितला, तर छातीपर्यंतही जाईना. त्यांनी धरून उचलला तेव्हा मात्र कानाला लागला. असं असेल तर कंडऱ्याचा संशय घ्यायचा. दुसऱ्यानं उचलूनही अडला तर सांधा आखडलेला असू शकतो. मधुमेह असेल तर ती शक्यता जास्त.

माझा कंडरा अर्धवट फाटला होता, ऑपरेशन टळलं. टेबलाला टेकून हात लंबकासारखा झुलवायचा, मग भिंतीवर बोटं चढवत न्यायची. मी पेन्सिलीनं खुणा करायचो, बायकोनं अजून त्या पुसलेल्या नाहीत. रात्री कोपराखाली चादरीची घडी ठेवली की झोप लागायची. फळीवरचा डबा काढायला चार महिने लागले.

पूर्ण फाटला असेल तर मात्र वाट बघू नका, कंडरा आत ओढला जातो आणि शिवणं अवघड होतं. या आठवड्यातच हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर चोळणं बंद.