'सँक्शन्स'ला मराठीत नेमकं काय म्हणावं? (संदर्भ: इटली-ॲबिसिनिया, 1935)

वेलांटी:
एका दिवाळी अंकासाठी राष्ट्रसंघावरचा लेख मराठीत आणतेय. संयुक्त राष्ट्रसंघ नव्हे, त्याच्या आधीचा, 1920 पासून जिनिव्हात बसणारा. 1935 च्या ऑक्टोबरात मुसोलिनीने ॲबिसिनियावर (म्हणजे इथिओपियावर) सैन्य घातलं आणि संघाने इटलीवर 'सँक्शन्स' लावली, तिथे अडलेय. मी 'निर्बंध' लिहिलं होतं. संपादकांचा शेरा आला, "निर्बंध म्हटलं की लोकांना लॉकडाऊन आठवतो, दुसरं काहीतरी बघा." त्यांनी 'आर्थिक बहिष्कार' सुचवलंय, पण त्याने डोळ्यांसमोर विलायती कापडाची होळी येते. तुम्ही काय वापराल?

निवृत्त कॅशियर:
आमच्याकडे सँक्शन झालं की गिऱ्हाईक पेढे घेऊन यायचं! लोन सँक्शन, रजा सँक्शन, मेडिकल बिल सँक्शन. तोच शब्द शिक्षेला कसा काय?

मुळाक्षर:
मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ पवित्र करणे, विधिवत पक्कं करणे. पुढे कायद्यातल्या ज्या कलमात 'मोडलं तर काय शिक्षा' हे सांगितलेलं असतं त्याला ते नाव पडलं. पक्कं करणे आपल्या बँकांत आलं, शिक्षा जिनिव्हाला गेली. आता गंमत बघा, भाषाशुद्धीच्या जमान्यातले लोक 'कायदा' या अरबी शब्दाला 'निर्बंध' म्हणत. म्हणजे निर्बंध हाच अचूक शब्द आहे. वाचकाला लॉकडाऊन आठवतो हा वाचकाचा प्रश्न.

खानदेशी:
वाचकाचा प्रश्न म्हणे. मग लेख कुणासाठी छापताय, कपाटासाठी? सरळ लिहा, 'इटलीला वाळीत टाकलं'. गावातल्या म्हातारीलाही कळेल.

वेलांटी:
खानदेशीदादा, तो शब्द जातपंचायतीचा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा झाला तो याच प्रकारापायी. जिनिव्हाच्या संदर्भात वाचायला विचित्र वाटेल.

खानदेशी:
विचित्र कशाने? राष्ट्रसंघाच्या करारातलं 16 वं कलम काढून बघा. करार मोडून युद्ध करणाऱ्याशी व्यापार बंद, पैशाचे व्यवहार बंद, आणि वर त्याच्या नागरिकांशी आपल्या नागरिकांनी कसलाही संबंध ठेवायचा नाही. रोटीबेटी तेवढी लिहायची राहिलीय. कागदावर शुद्ध वाळीत टाकणंच आहे ते. प्रत्यक्षात काय झालं ते वेगळं.

मुळाक्षर:
'वाळणे' म्हणजे सुकणे. फांदी तोडली की वाळते, तसा माणूस.

अनुस्वार:
नाही हो. जुन्या मराठीत 'वाळणे'चा स्वतंत्र अर्थच वगळणे, टाकणे असा आहे. सुकण्याशी संबंध नंतर जुळवलेला. मुळाक्षर, तुमच्या सगळ्या व्युत्पत्त्यांना शेवटी फांद्याच का फुटतात?

सांगलीकर:
शब्द कुठलाही घ्या, पण त्यात आधी नेमकं काय होतं ते बघूया की राव. संघाच्या यादीत शस्त्रं, कर्जं, इटलीचा माल विकत घेणं, रबर, कथील, निकेल असं सगळं होतं. ॲल्युमिनियमही होतं, जे इटलीकडे स्वतःच्या गरजेपेक्षा जास्त होतं! घोडे, खेचरं, गाढवं, उंट यांची निर्यातही बंद. आणि नव्हतं काय? तेल, कोळसा, पोलाद. सुएझ कालवा उघडाच. इटलीची सैनिकांनी भरलेली जहाजं टोल भरून ब्रिटिशांच्या नाकाखालून जात होती. गाढवावर बंदी आणि टँकरला मोकळीक, याला निर्बंध म्हणा नाहीतर बहिष्कार म्हणा, काय फरक पडतो?

निवृत्त कॅशियर:
म्हणजे मंजुरीच दिली की! माझा अर्थ बरोबर होता.

अनुस्वार:
सांगलीकर, तेलावर बंदी घातली असती तरी अमेरिका संघात नव्हतीच, तिच्या कंपन्यांनी विकलं असतं. संघ ज्यांच्या अध्यक्षाच्या डोक्यातून निघाला त्यांच्याच सिनेटने 1919 मध्ये आणि परत 1920 मध्ये करार फेटाळला. पाया तिथेच कच्चा राहिला.

सांगलीकर:
अमेरिकेवर ढकलणं सोपंय. पण त्याच डिसेंबरात ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री होर आणि फ्रान्सचा पंतप्रधान लाव्हाल यांनी पॅरिसमध्ये गुपचूप ठरवलं की ॲबिसिनियाचा मोठा लचका इटलीला देऊन टाकू. पॅरिसच्या वर्तमानपत्रांत ते फुटलं, लंडनमध्ये बोंबाबोंब झाली, होरला जावं लागलं. एका हाताने शिक्षा आणि दुसऱ्याने बक्षीस, यात अमेरिका कुठे आली? खरी भीती हिटलरची होती. त्याच्याविरुद्ध मुसोलिनी आपल्या बाजूला राहावा म्हणून ॲबिसिनियाचा बळी. आणि हिटलरने काय केलं? 1936 च्या मार्चमध्ये, जिथे सैन्य ठेवायला मनाई होती त्या ऱ्हाइनलँडमध्ये फौजा घातल्या. मुसोलिनी पुढे त्याच्याच मांडीला मांडी लावून बसला.
तेलाबद्दल म्हणाल तर मुसोलिनीने 1938 मध्ये हिटलरजवळ कबूल केलं होतं की तेल रोखलं असतं तर आठवड्याभरात माघार घ्यावी लागली असती. हिटलरच्या दुभाष्याने ते लिहून ठेवलंय.

अनुस्वार:
मुसोलिनी खरं बोलत होता असं धरून चालायचं का मग?

इंदूरकर:
वाळीत टाकणं हा शब्द मला आवडला, पण एका कारणासाठी चालणार नाही. वाळीत टाकलेला माणूस एकटा पडतो. इटलीत उलटं झालं. 18 नोव्हेंबरला सँक्शन्स सुरू झाली आणि बरोबर महिन्याने, 18 डिसेंबरला, मुसोलिनीने बायकांकडून लग्नाच्या सोन्याच्या अंगठ्या देशासाठी मागितल्या. रोममध्ये राणीने स्वतःची दिली. मोबदल्यात बोटात पोलादी अंगठी. इटालियनमध्ये 'फेदे' म्हणजे श्रद्धा आणि 'फेदे' म्हणजे लग्नाची अंगठीही. त्या दिवसाचं नावच तसं ठेवलेलं. बाई मंगळसूत्र काढून देते आणि वर तिलाच अभिमान वाटतो. जग आपल्याविरुद्ध उठलंय हे सरकारला आयतं सांगायला मिळालं. म्हणून 'कोंडी' घ्या. कोंडीत माणसं आतून एकत्र येतात.

वेलांटी:
'आर्थिक कोंडी' बरा आहे! पण कोंडीत चारी बाजू बंद लागतात ना? तेल तर येत होतं.

खानदेशी:
वाहतूक कोंडीत दुचाकीवाले निघतातच की फटीतून.

जिज्ञासू:
माझी शंका वेगळी आहे. जपानने चीनचा मांचुरिया घेतला तेव्हा त्याच्यावर असं काही का नाही लावलं? तिथे तर नुसताच लिटन गेला आणि अहवाल लिहून आला. हाच तो लिटन ना, देशी वृत्तपत्रांचा गळा आवळणारा?

मुळाक्षर:
तो बाप. व्हाइसरॉय, 1878 चा कायदा त्याचा. आयोगाचा अध्यक्ष मुलगा. सिमल्यात जन्मलेला, पुढे बंगालचा गव्हर्नर. 1931 च्या सप्टेंबरात जपानने मांचुरिया घ्यायला सुरुवात केली, अहवाल 1932 च्या ऑक्टोबरात. तोवर तिथे मांचुकुओ नावाचं बाहुलं राज्य उभंही राहिलं होतं. 1933 च्या फेब्रुवारीत सभेने 42 विरुद्ध 1 मतांनी अहवाल स्वीकारला. तो 'एक' म्हणजे जपान. त्यांचा प्रतिनिधी उठून निघून गेला. मुसोलिनीने हे सगळं बघितलं होतं.

इंदूरकर:
आणि सयाम (आजचा थायलंड) तटस्थ राहिला होता.

अनुस्वार:
राष्ट्रसंघाला काहीच जमलं नाही असंही नका लिहू. 1925 मध्ये ग्रीस बल्गेरियात घुसला तेव्हा संघाने दटावलं, ग्रीसने माघार घेऊन नुकसानभरपाई दिली. 1935 च्या सुरुवातीला जर्मनी-फ्रान्सच्या सीमेवरच्या सार प्रदेशात सार्वमत झालं तेव्हा ब्रिटन, इटली, स्वीडन, नेदरलँड्सचे सैनिक बंदोबस्ताला होते आणि गडबड झाली नाही. लहान देश असेल तर दटावणी लागू पडते. मोठा असेल तर समिती बसते. आता यासाठी मराठीत शब्द शोधा, सँक्शनपेक्षा तो जास्त लागेल.

जिज्ञासू:
सारमध्ये इटलीचे सैनिक? त्याच वर्षी?

अनुस्वार:
त्याच वर्षी.

निवृत्त कॅशियर:
अवांतर: संघाच्या सभेचे अध्यक्ष 1937 मध्ये आगाखान होते. पुण्याच्या आगाखान पॅलेसवाले. राज्य ब्रिटिशांचं, पण हिंदुस्थान मात्र संघाचा सभासद. ही सँक्शन कुणी दिली म्हणे?

मुरुडकर:
मी मघापासून वाचतोय, मूळ लेखात 'ॲबिसिनिया' का ठेवताय? मराठीला या देशासाठी शब्द आहे. हबसाण. आमच्या जंजिरा संस्थानालाच जुन्या मराठी कागदांत हबसाण म्हणतात, कारण सिद्दी तिकडून आले. मलिक अंबरही तिकडचाच.

मुळाक्षर:
हबसाण लिहिलंत तर निम्मे वाचक मुसोलिनीला मुरुडच्या किनाऱ्यावर उतरवतील. इथिओपिया लिहा.

मुरुडकर:
मग निर्बंधाच्या वेळी 'वाचकाचा प्रश्न' म्हणालात ते काय होतं?

इंदूरकर:
'हबशी' शब्द आता कुणाला म्हणू नये, पण 'हबसाण'ला काय हरकत आहे? अर्थात सम्राट हाइले सेलासी 1936 च्या जूनमध्ये जिनिव्हात स्वतः उभा राहिला तेव्हा इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या मारून त्याचं भाषण बंद पाडायचा प्रयत्न केला. त्या भाषणात तो आपल्या देशाला इथिओपियाच म्हणतो. त्याचं ऐकावं.

मुरुडकर:
जर्मन लोक स्वतःच्या देशाला जर्मनी म्हणत नाहीत. तिथे कुणाचं ऐकतो आपण?