मदत हवी आहे : कॉलेजच्या दिवसांची ट्रंक

नमस्कार मंडळी. १९९२ ते ९५ मी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजला होते. परवा माळ्यावरची ट्रंक उघडली. पुरुषोत्तम करंडकाच्या (कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या) तालमींचे फोटो, मैत्रिणींची आंतर्देशीय पत्रं, पीएमटी बसचा पास, सगळं आहे!

फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये आहेत आणि तो गोंद पिवळा पडलाय. भरत नाट्य मंदिराच्या पायऱ्यांवरचा फोटो सोडवायला गेले, तर कोपऱ्याचा पापुद्रा पानालाच राहिला. तिथेच थांबले. मागून बारीक दोरा सरकवून फोटो सुटतात म्हणे, कोणी करून पाहिलंय का? पत्रांना लॅमिनेशन नकोच, ते परत निघत नाही. ती ठेवायला आम्लविरहित, म्हणजे त्यांना पिवळं न पाडणारा कागद पुण्यात कुठे मिळेल?

एका कॅसेटवर तालमीचं रेकॉर्डिंग आहे. त्यातला एक मित्र आता नाही. ती जपून डिजिटल करून देणारं कोणी माहीत असेल तर प्लीज सांगा.