एअरबॅग उघडली नाही, तर कारण सांगायचं कोणी?

मुळाकाठची
माझी मागणी एकच आहे. अपघातात एअरबॅग उघडली नाही, तर ती उघडायची की नाही हे ठरवणाऱ्या कंट्रोलरमध्ये साठलेली नोंद मालकासमोर वाचावी आणि तिची प्रत त्याच्या हातात द्यावी. हे कंपनीच्या मर्जीवर नको, कायद्याने व्हावं.

नणंदेच्या यजमानांची गाडी गेल्या पावसाळ्यात यवतजवळ उभ्या ट्रकवर आदळली. दोन बरगड्या मोडल्या, एअरबॅग एकही उघडली नाही. कंपनीचं उत्तर एका ओळीचं: 'उघडण्यासाठी आवश्यक परिस्थिती निर्माण झाली नव्हती.' कोणती परिस्थिती, गाडीने काय मोजलं, असं विचारलं तर म्हणे माहिती गोपनीय. यंत्राचा निर्णय बरोबर होता की नाही, हे ते यंत्र विकणाऱ्यानेच ठरवायचं? मला हे अजिबात मान्य नाही.

सॉफ्टवेअर चुकतं. सप्टेंबर 2016 मध्ये जनरल मोटर्सने जगभरातल्या सुमारे 43 लाख गाड्या परत बोलावल्या. गाडी चालत असताना काही विशिष्ट परिस्थितीत कंट्रोलरचं सॉफ्टवेअर स्वतःचीच तपासणी सुरू करायचं. नेमकी तेव्हा टक्कर झाली, तर पुढच्या एअरबॅग उघडायच्या नाहीत आणि सीटबेल्टही आवळला जायचा नाही. एक मृत्यू आणि तीन जखमी या दोषाशी जोडले गेले.

चाकण_कॅलिब्रेशन
ताई, घरच्या माणसाला लागलं की काय वाटतं ते समजतं. पण एअरबॅग कधी उघडावी हे जुळवण्याचंच काम मी करतो, म्हणून स्पष्ट लिहितो. बॉनेट किती चेपलं यावर एअरबॅग उघडत नाही. वेग किती झपाट्याने उतरला, यावर उघडते. उभ्या ट्रकला मागून धडकताना गाडी बऱ्याचदा ट्रकच्या खाली घुसते. पुढचा मजबूत सांगाडा कशाला भिडतच नाही, मार बसतो तो बॉनेटला आणि काचेला. बघणाऱ्याच्या काळजात धस्स होतं, पण सेन्सरपर्यंत धक्का पोचतो तो मंद.

दुसरी बाजूही पाहा. खोल खड्डा, रंग न मारलेला गतिरोधक, फुटपाथची कड, यांत एअरबॅग उघडता कामा नये. हायवेवर विनाकारण उघडली तर तीच अपघात घडवेल. हा फरक साधारण 15 ते 30 मिलिसेकंदांत करायचा असतो. त्याची कच्ची नोंद सामान्य माणसाला दिली, तर न उघडलेली प्रत्येक एअरबॅग सदोष ठरेल.

आणि कंपन्या सगळं दडपतात असंही नाही. जानेवारी 2023 मध्ये मारुती सुझुकीने एअरबॅग कंट्रोलरच्या संशयावरून 17,362 गाड्या स्वतःहून परत बोलावल्या. भाग बदलेपर्यंत गाडी चालवू नका, असंही ग्राहकांना कळवलं.

मुळाकाठची
दादा, आमची गाडी खाली घुसली असेलही. मग त्या नोंदीतला वेगाचा आलेख समोर ठेवून सांगा ना! तुमच्या या एका परिच्छेदाने मला जेवढं कळलं, तेवढं कंपनीच्या पत्राने कळलं नाही.

खड्ड्यांचं म्हणाल तर 2017 चं रॅम पिकअपचं प्रकरण बघा. फियाट क्रायस्लरने एकट्या अमेरिकेतच दहा लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या, कारण गाडीच्या पोटाला खालून जोरदार मार बसला की सॉफ्टवेअर चुकीचा बिघाड नोंदवून बाजूच्या एअरबॅगचं काम तात्पुरतं बंद करू शकत होतं. गाडी उलटली तर संरक्षण नाही. आपल्याकडे गाडीला खालून मार बसणं रोजचंच आहे.

मिशिगनकर
इथला अनुभव वेगळा आहे. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा संस्थेकडे आलेल्या तक्रारी कोणालाही वाचता येतात. तरीही चूक होते, तेही सांगतो. 2007 मध्ये याच संस्थेतल्या एका विभागप्रमुखाने शेवरले कोबाल्ट आणि सॅटर्न आयन या गाड्यांत एअरबॅग न उघडण्याची चौकशी सुचवली होती. हाताशी 29 तक्रारी आणि 4 प्राणघातक अपघात होते. वरिष्ठांनी ठोस कल दिसत नाही म्हणून प्रस्ताव नाकारला. गाड्या परत बोलावल्या गेल्या 2014 मध्ये. तिथे दोष सॉफ्टवेअरचा नव्हता, इग्निशन स्विचचा होता: चावी सरकली की इंजिन बंद आणि एअरबॅगही बंद. 124 मृत्यूंची भरपाई द्यावी लागली. एकेक तक्रार सुटी वाचली की प्रत्येकीला काहीतरी कारण सापडतंच.

सर्व्हेअर_वाकड
कंट्रोलरच्या या नोंदीत टक्करीच्या आधीचे काही सेकंद असतात: वेग, ब्रेक, सीटबेल्ट. ती खुली करा म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की उद्या विमा कंपनीही ती मागणार. 'वेग 110 होता, बेल्ट नव्हता' असं निघालं, तर नुकसान मालकाचंच. कायद्याने सक्ती करायला माझा विरोध आहे.

मुळाकाठची
बेल्ट नव्हता असं निघालं तर तेही कळू दे. मला दावा जिंकायचा नाही, काय घडलं ते हवंय. त्याच कंट्रोलरच्या हजारो गाड्या रस्त्यावर आहेत, त्यांत लेकरंबाळं बसतात.

वकील_सोलापूर
कायद्याची बाजू तेवढी हताश नाही. एप्रिल 2022 मध्ये ह्युंदाई क्रेटाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला. धडक पुरेशी जोरदार नव्हती, हा कंपनीचा बचाव टिकला नाही. वेग आणि बल यांचं गणित मांडणारा भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ ग्राहक नसतो, असं न्यायालयाने म्हटलं आणि भरपाईसह गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला. 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यातल्या कलम 110-अ नुसार, ठराविक प्रमाणात मालकांनी दोष कळवला तर केंद्र सरकार गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकतं. म्हणून तक्रार नोंदवाच.

मात्र माझ्याकडे येणारी बहुतेक प्रकरणं निराळ्याच जागी अडकतात. गाडी 'टोटल लॉस' (दुरुस्त करण्यापलीकडे गेलेली) ठरते, मालक सही करतो, भंगारवाला गाडी उचलतो आणि कंट्रोलर तिच्यासोबत जातो. नंतर ग्राहक आयोगापुढे तपासायला उरतं काय? सही करण्याआधी कंट्रोलर जपून ठेवा, असं विमा कंपनी आणि उत्पादक दोघांनाही लेखी कळवा. गरज पडली तर तो प्रयोगशाळेत तपासावा असा अर्ज ग्राहक आयोगापुढे करता येतो.

चाकण_कॅलिब्रेशन
कच्च्या नोंदीला माझा विरोध कायम आहे. त्रयस्थ तज्ज्ञाने ती वाचून लेखी अहवाल द्यावा, याला नाही. पुण्यात एआरएआयसारखी वाहनांच्या चाचण्या करणारी संस्था आहे, हे काम तिथे होऊ शकतं. ताई, गाडी अजून यार्डात आहे का? असेल तर बॅटरी जोडून कोणालाही काही 'रीसेट' करू देऊ नका.

मुळाकाठची
यार्डातच आहे. विम्याचा फॉर्म आलाय, सही अजून केलेली नाही. वकीलसाहेब, पत्राचा मसुदा इथेच द्याल का? इतरांनाही लागेल.