कातकामासाठी दुर्मीळ लाकूड निवडताना काय पाहावे?

प्रश्न (नवकातारी)

गेले वर्षभर मी घरच्या छोट्या लेथवर (लाकूड गोल फिरवत कातण्याच्या यंत्रावर) बाभूळ आणि कडुनिंबाच्या वाट्या, लाटणी व झाकणाच्या डब्या कातत आहे. आता कोकोबोलो, पर्पलहार्ट, आफ्रिकन ब्लॅकवुड अशी परदेशी लाकडे वापरून पाहण्याची फार इच्छा आहे. मात्र ऑनलाइन मागवलेला पहिलाच महागडा ठोकळा आठ दिवसांत टोकापासून चिरत गेला. शिवाय ओळखीतील एका गृहस्थांनी रक्तचंदनाचा तुकडा देऊ केला आहे. असे लाकूड कोणत्या निकषांवर निवडावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (गोल पटाशी)

लाकडाच्या टोकाकडून ओलावा बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने बाहेर पडतो, म्हणून चीर तिथूनच सुरू होते. ठोकळा सगळ्या बाजूंनी मेणात बुडवलेला असेल, तर तो आतून ओला आहे असेच धरून चालावे. मी असा ठोकळा आणला की बाजूंचे मेण खरवडतो, टोकांचे तसेच ठेवतो आणि स्वयंपाकघरातील काट्यावर दर आठवड्याला वजन करून ते तारखेसह ठोकळ्यावरच लिहितो. काही आठवडे वजन तेच राहिले की मगच तो लेथवर चढवतो. वाटी करायची असल्यास ती आधी जाड कातून ठेवावी. सहा इंची वाटीची भिंत साधारण 15 मिलिमीटर ठेवावी, कागदी पिशवीत काही महिने वाळू द्यावी आणि मग अंतिम आकार द्यावा.

लाकूड वस्तूकडे पाहून निवडावे, असे माझे ठाम मत आहे. ब्लॅकवुड हे क्लॅरिनेटसारखी वाद्ये ज्यातून बनवतात ते, अतिशय घट्ट लाकूड आहे. पेन किंवा डबीच्या बारीक आट्यांसाठी ते उत्तम, पण मोठ्या वाटीसाठी ते घेणे म्हणजे पैसे आणि लाकूड दोन्ही वाया घालवणे होय. कोकोबोलो तेलकट असल्याने पांढरा गोंद त्यावर नीट धरत नाही. जोड अॅसिटोनने पुसून लगेच चिकटवावा लागतो. पर्पलहार्ट कापल्यावर मातकट दिसते, हवा-उजेडात जांभळे होते आणि पुढे उन्हाने तपकिरी पडते. केवळ रंगासाठी घेणार असाल, तर हे आधीच ठाऊक असलेले बरे.

उत्तर २ (वनराई)

रक्तचंदनाबाबत मला कळकळीने सांगावेसे वाटते. हे झाड मुख्यतः आंध्रातील पूर्व घाटाच्या दक्षिण भागातच नैसर्गिकरीत्या वाढते आणि चोरट्या तोडीमुळे संकटात आले आहे. बिल आणि वाहतूक परवाना नसेल, तर तो तुकडा भेट म्हणूनही स्वीकारू नये. कोकोबोलो, ब्लॅकवुड आणि आपले शिसव ही तिन्ही डाल्बर्जिया वंशातील (जवळच्या जातींच्या एकाच गटातील) असून, 2 जानेवारी 2017 पासून या संपूर्ण वंशाचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स (संकटातील वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय) कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित आहे. याच वंशातील ब्राझिलियन रोझवुड तर 1992 पासून पहिल्या, अधिक कडक परिशिष्टात आहे. विक्रेत्याकडे लाकडाचे शास्त्रीय नाव आणि आयातीची कागदपत्रे मागावीत. जो ती दाखवण्यास टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नये.

उत्तर ३ (सह्यवासी)

दुर्मीळ दिसणारे लाकूड परदेशातूनच आणावे लागते असे नाही. काळ्या कुड्याचे लाकूड हस्तिदंतासारखे पांढरे आणि इतके एकजीव असते की कर्नाटकातील चन्नपट्टणची खेळणी परंपरेने त्यातून कातली जातात. हेद पिवळसर, बारीक पोताचे आणि कातायला अत्यंत गुणी आहे. ज्याच्या पानांच्या विड्या वळतात त्या टेंभुर्णीच्या जुन्या खोडात काळा गाभा सापडतो. तो वेडावाकडा आणि चिरणारा असला, तरी दोन-तीन इंची डबीसाठी त्याच्या तोडीचे लाकूड मी पाहिलेले नाही. बिल देणाऱ्या सॉ-मिलमध्ये उरलेले तुकडे विचारावेत. महाराष्ट्रात काही जातींची झाडे स्वतःच्या जमिनीवरची असली तरी विनापरवाना तोडता येत नाहीत, हे लक्षात असू द्यावे.

नवकातारी

सर्वांचा मनापासून आभारी आहे. रक्तचंदन नाकारले. काळा कुडा आणि हेद यांचे तुकडे शोधतो आणि परदेशीपैकी कोकोबोलोचा पेनपुरता एकच ठोकळा, कागदपत्रे पाहून घेतो. तो कातताना काही विशेष काळजी घ्यावी लागेल का?

गोल पटाशी

होय, भुशाची. कोकोबोलोच्या भुशाने अनेकांच्या अंगावर पुरळ उठते, आणि पहिल्या वेळी काही झाले नाही तरी पुढच्या वेळी होऊ शकते. साधा रुमाल पुरत नाही. धुळीचा मास्क लावावा, पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा आणि घासकाम संपताच हात व मान साबणाने धुवावी.