फ्लॅशमधील राखीव भाग : लक्ष्मणरेषा ड्रायव्हरने ओढावी की फर्मवेअरने?

धागाकर्ता (कुपवाड)

उपसा सिंचनाच्या पंपांवर देखरेख ठेवणाऱ्या गेटवे बोर्डांवर नॅन्ड फ्लॅशचा (वीज गेली तरी माहिती टिकवणाऱ्या साठवण चिपचा) काही भाग ट्रस्टझोन (प्रोसेसरमधील सुरक्षा-व्यवस्था) राखून ठेवते. फर्मवेअर (बोर्डात भरलेले मूळ सॉफ्टवेअर) बदलले तरी तो भाग अबाधित राहावा, हा त्यामागचा हेतू. लिनक्सने तो भाग नुसता वाचायचा प्रयत्न केला तरी बोर्ड रीसेट होतो. आमच्याकडे नॅन्डडंप या फ्लॅश वाचणाऱ्या साधनाने पूर्ण चिपची प्रत घेताना बोर्ड दर वेळी एकाच पत्त्यावर रीस्टार्ट होत असे, आणि सीरियल कन्सोलवर (बोर्डाचे संदेश दाखवणाऱ्या पडद्यावर) त्रुटीचा एक शब्दही उमटत नसे.

लिनक्स कर्नेल ५.१३ पासून (२०२१) डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावरील हार्डवेअरची कर्नेलला दिली जाणारी यादी) ‘सिक्युअर-रीजन्स’ या नावाने अशा भागांचे पत्ते आणि आकार नोंदवता येतात. वाचन, लेखन, ब्लॉक (फ्लॅशचा एकदम पुसला जाणारा तुकडा) पुसणे किंवा ब्लॉक खराब आहे का हे पाहणे, यांपैकी कोणतीही विनंती त्या भागाला थोडीशी जरी स्पर्श करत असली, तरी कर्नेलचा नॅन्ड हाताळणारा गाभा ‘ईआयओ’ ही (वाचन-लेखन फसल्याची) त्रुटी परत करतो. माझ्या मते ही नोंद सक्तीची असावी. केवळ पार्टिशनच्या यादीतून तो भाग वगळणे पुरेसे नाही, कारण बूटच्या वेळी खराब ब्लॉक शोधणारे ड्रायव्हर (हार्डवेअर हाताळणारे कर्नेलचे भाग) पार्टिशन पाहत नाहीत.

प्रतिसाद (कराड)

आपले निदान मान्य आहे, उपाय मान्य नाही. खरा पहारा ट्रस्टझोनचाच आहे. डिव्हाइस ट्रीतील यादी ही त्याची हाताने उतरवलेली नक्कल. उद्या फर्मवेअर पुरवणाऱ्याने राखीव भाग वाढवला आणि यादी जुनीच राहिली, तर बोर्ड पुन्हा रीसेट होणार, आणि आपण मात्र ‘नोंद केली आहे’ म्हणून निर्धास्त. शिवाय ‘ईआयओ’ पाहून उत्पादन विभागातील माणूस चिपच खराब समजतो आणि चांगला बोर्ड भंगारात टाकतो.

प्रतिसाद (सातारा)

त्रुटीच्या नावाबद्दलची तक्रार रास्त आहे. पण सीमेचा मुद्दा कोणी मांडला नाही. २०४८ बाइटची पाने आणि ब्लॉकमध्ये अशी ६४ पाने असतील, तर १२८ किलोबाइट एकदमच पुसले जातात. राखीव भागाची सीमा ब्लॉकच्या मधोमध आली, तर उरलेला ब्लॉकही लिनक्सच्या उपयोगाचा राहत नाही. त्यामुळे नोंदणी कोणीही करो, सीमा ब्लॉकच्या कडेवरच आखली पाहिजे.

धागाकर्ता (कुपवाड)

कराडकरांनी ड्रायव्हरकडे पहारेकरी म्हणून पाहिले, तेथेच आमचा मतभेद आहे. ही तपासणी हल्लेखोराला अडवत नाही आणि तसा दावाही नाही. ज्याच्या हाती कर्नेल आहे, तो तपासणी काढूनही टाकील. कुलूपबंद दारावरची ही पाटी आहे, घरच्याच माणसाने नकळत दार ढकलू नये एवढ्यासाठी. यादी शिळी होण्याची भीती मात्र खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे बूटलोडरने (कर्नेल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामने) फर्मवेअरकडून सीमा विचारून घेऊन कर्नेल सुरू होण्यापूर्वी डिव्हाइस ट्रीत भराव्यात. तपासणी ड्रायव्हरच्या थरातच राहील, माहिती मात्र मूळ मालकाकडून येईल.

प्रतिसाद (कराड)

फर्मवेअर सीमा सांगत असेल, तर माझा आक्षेप उरत नाही. पण आपल्या भागातील छोट्या कारखानदारांना फर्मवेअर बंद स्वरूपातच मिळते आणि त्यात सीमा विचारण्याची सोय बहुधा नसते. तोवर यादी हातानेच लिहावी लागेल, आणि फर्मवेअरच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर ती तपासून पाहण्याची जबाबदारी खरेदी करारातच लिहून घ्यावी लागेल.