बीबीएच्या प्रकल्पासाठी स्वतःचा विषय घ्यायचा आहे. मार्गदर्शक सरांना कसे सांगावे?

प्रश्न (वडगावची विद्यार्थिनी):
नमस्कार. मी बेळगावात बीबीएच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या वडगाव-खासबाग भागातील अनेक यंत्रमागधारक व्यापाऱ्याकडून सूत आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन मजुरीवर साड्या विणतात. उचल अंगावर असताना त्यांना व्यापारी बदलता येतो का, हा प्रश्न मला प्रकल्पासाठी घ्यायचा आहे. परंतु मला नेमून दिलेल्या सरांकडे बावीस विद्यार्थी असून त्यांनी 'ग्राहक समाधान' हा दरवर्षीचाच विषय सुचविला आहे. कर्नाटकात २०२४-२५ पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची झाल्यामुळे संशोधनासाठी चौथे वर्षही हाताशी नाही. सरांना न दुखावता काय करावे? शिवाय आमच्या घरीच माग आहेत, त्यामुळे माझे निष्कर्ष एकांगी ठरतील का?

उत्तर १ (निवृत्त वाणिज्य प्राध्यापक, निपाणी):
बावीस प्रकल्प तपासणारा शिक्षक स्वतःला तपासता येईल असाच विषय सुचवितो. त्यात तुमच्याविषयी अनास्था असतेच असे नाही. म्हणून त्यांच्याकडे विषय मागायला जाऊ नका, एक पान लिहून घेऊन जा. कोणता प्रश्न, कोणाला विचारणार, किती दिवसांत, आणि सरांकडून नेमके काय हवे, एवढेच त्यात असू द्या. उचल घेतलेले वीस आणि न घेतलेले वीस, साधारण सारख्याच मागांचे, असे मागधारक निवडून गेल्या तीन वर्षांत कोणी व्यापारी बदलला आणि कोणाला साडीमागे किती मजुरी मिळाली, हे विचारता येईल. मात्र मजुरीत फरक दिसला म्हणून तो उचलीमुळेच आहे असे लिहू नका, कारण मुळात ज्याची ओढाताण अधिक तोच उचल घेत असण्याची शक्यता आहे. सर तुम्हाला इथेच अडवतील, आणि त्यांनी अडवावे यासाठीच मार्गदर्शक असतो. आकडे आठवणीवर घेऊ नका, हिशेबाची वही पाहायला मागा. १९८१ चे तंबाखू उत्पादकांचे योग्य भावासाठीचे आंदोलन आमच्या निपाणीने पाहिले आहे, तरीही माझे विद्यार्थी तंबाखूच्या वखारीत जाऊन केवळ मालकाचीच बाजू लिहून आणत असत.

घरच्या मागांची माहिती निष्कर्षात घेऊ नका. वडिलांवर प्रश्नावलीची चाचणी करा आणि हे नाते अहवालात पहिल्याच पानावर नमूद करा.

उत्तर २ (अथणी, एमबीए):
सरांच्या म्हणण्यात एक भर घालतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत, आणि त्यांत आपला बेळगावही येतो. त्यावरील प्रकल्पासाठी मी अथणीच्या कारागिरांकडे गेलो, तेव्हा माझी प्रश्नावली भाषेमुळेच फसली. मराठीत मी 'उचल' विचारली होती, पण कन्नड प्रतीत मित्राने त्यासाठी 'साल', म्हणजे कर्ज, असा शब्द घातला. बहुतेकांनी कर्ज नाही असे सांगितले. 'मुंगड', म्हणजे आगाऊ रक्कम, हा शब्द घातल्यावर तीच माणसे आकडे सांगू लागली. वडगावातही दोन्ही भाषांचे मागधारक आहेत, तेव्हा कन्नड प्रत दुसऱ्या कोणाकडून तरी उलट मराठीत करून पाहा.

उत्तर ३ (शोधनिबंधांचा वाचक):
पुढे निबंध छापावासा वाटला, तर पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहा. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) दर्जेदार नियतकालिकांची 'केअर' यादी २०२५ मध्ये बंद केल्यापासून निवडीची जबाबदारी अधिकच तुमच्यावर आणि सरांवर आली आहे. लेखकांची नावे कोणत्या क्रमाने येतील हेही लिखाण सुरू होण्यापूर्वीच बोलून घ्या. नंतर तो विषय काढणे विद्यार्थ्याला जड जाते.

प्रश्नकर्ती:
सर्वांचे आभार. आज सरांना एक पान दिले. त्यांनी चाळीस जणांऐवजी आधी सहा जणांना भेटून यायला सांगितले आहे, आणि 'उचल फेडली म्हणजे नेमके काय' याची व्याख्या लिहून आणायला सांगितली आहे. बाबांना विचारले, तर त्यांनाही एका वाक्यात सांगता आले नाही.