यंदाचं वाण कपाटातून: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सी-६०१ (कमिटी): सर्वांना नवीन वर्षाच्या शुभेच्छा. संक्रांतीनंतरच्या पहिल्या शनिवारी क्लब हाउसमध्ये हळदीकुंकू ठरलं आहे. साधारण ९० जणी धरल्या आहेत. वाण म्हणून प्लास्टिकचे डबे घ्यायचे की छापील कापडी पिशव्या? दोन्हींचे फोटो टाकले आहेत. उद्या संध्याकाळपर्यंत ऑर्डर द्यायची आहे.

डी-१०३: पिशव्या घ्या. डबे सगळ्यांकडे ढीगभर झालेत.

ए-२०४: पिशव्यांना माझंही मत.

बी-३०२: ताई, ऑर्डर थोडी थांबवता येईल का? फोटोतल्या पिशव्या कापडी नाहीत, नॉन-वोव्हन आहेत. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, प्लास्टिकच. हाताला कापडासारख्या लागतात म्हणून आपण फसतो. उन्हात राहिल्या की त्यांचा भुगा व्हायला लागतो आणि तो मातीत तसाच राहतो. ६० जीएसएमपेक्षा, म्हणजे चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा, पातळ असतील तर ३० सप्टेंबर २०२१ पासून देशभर बंदीच आहे त्यांच्यावर. आपल्या राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर २०१८ मध्ये बंदी आली, आणि आपण त्याच पिशव्या हळदीकुंकू लावून वाटायच्या, हे मला पटत नाही.

माझं म्हणणं स्पष्टच सांगते. यंदा वाणासाठी काहीही विकत आणू नये. जे लागणार आहे ते आपल्याच कपाटांत पडून आहे.

डी-१०३: म्हणजे जुन्या साड्या?

ए-५०१ काकू: वाण कोरं असावं गं. नेसलेल्या साडीचं कापड वाण म्हणून द्यायचं नाही, आमच्याकडे चालत नाही. घरात वापरायला कितीही कर, पण सवाष्णीच्या हातात देताना नको.

बी-३०२: काकू, तुमचं बरोबर आहे. वाणासाठी नेसलेली साडी मी म्हणतच नव्हते. ओटीचे ब्लाउजपीस म्हणते आहे. प्रत्येकीकडे पिशवीभर असतात. लग्नातले, डोहाळजेवणातले, वास्तुशांतीचे. आपण ते शिवत नाही, पुढच्या ओटीत घालतो, ती बाई तिच्या पुढच्या ओटीत घालते. घडीसुद्धा मोडलेली नसते. कापड कोरंच आहे, फक्त त्याला कुणी कापडासारखं वापरलेलं नाही.

साधारण ८० सेंटिमीटर लांब आणि ९० रुंद असा पीस धरा. रुंदीतून ४० चे दोन पट्टे काढायचे, एक बाहेरून, एक अस्तराला. मधे दुमडला की ४० सेंटिमीटर उंचीची पिशवी होते. उरलेल्या १० सेंटिमीटरच्या पट्टीचे दोन बंद. एका पीसमध्ये एक दुहेरी पिशवी, चिंधीसुद्धा उरत नाही. ओटीचं कापड पातळ असतं, म्हणून अस्तर हवंच. एकेरी शिवली तर दोन किलो कांद्यात उसवेल.

ए-५०१ काकू: हे चालेल. माझ्याकडे खणाचेही आहेत तीन-चार. देते.

ई-४०२: खणाचे अख्ख्या पिशवीत घालू नका काकू! बंदांना आणि खिशाला लावू. काठ वर दिसला तर साधी पिशवीसुद्धा उठून दिसते.

सी-६०१ (कमिटी): कल्पना चांगली आहे, पण ९० पिशव्या शिवणार कोण? दिवस फार नाहीत.

बी-३०२: मशीन कोणाकोणाकडे आहे ते इथे लिहा. मला तरी पाच-सहा घरं माहीत आहेत. कापणं एकदाच करायचं, थोडे थोडे पीस एकावर एक ठेवून. शिलाई सरळच आहे, ज्यांना फक्त सरळ शिलाई येते त्यांनाही जमेल.

ए-२०४: माझ्याकडे आहे, पायमशीन. सासूबाईंचं. चालू आहे.

डी-१०३: माझ्याकडे हातमशीन. तेल घालावं लागेल.

एफ-७०२: मला शिवता येत नाही, पण लग्नपत्रिका साठवलेल्या आहेत. जाड कागद, सोनेरी कडा. टाकवत नाहीत. तिळगुळाची पाकिटं होतील का?

बी-३०२: सुंदर होतील. फक्त तिळगूळ छापील बाजूला थेट लागता कामा नये. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका असं अन्नसुरक्षा प्राधिकरण वारंवार सांगतं ते शाईमुळेच. पत्रिकेची कोरी बाजू आत घ्या आणि तिळगूळ बटर पेपरमध्ये गुंडाळून मग पाकिटात घाला.

एफ-७०२: आणि वरच्या गणपतीचं काय करायचं? तो कापून टाकायला हात धजत नाही.

ए-५०१ काकू: तो नीट गोल कापून वेगळा ठेव. पाकिटाच्या तोंडाशी चिकटव. उघडताना फाटणार नाही अशा बेताने.

ई-४०२: मग जुन्या साड्यांचं काय? विषय निघालाच आहे म्हणून विचारते. माझ्याकडे आईच्या खूप आहेत. बोहारणीला द्यायला मन होत नाही.

बी-३०२: साड्या आधी वेगळ्या करा, सुती एकीकडे आणि सिंथेटिक एकीकडे. कळत नसेल तर एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा, मोरीत, पाणी जवळ ठेवून. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटाने चुरडली जाते. सिंथेटिक वितळतं, टोकाला टणक गोळी होते. मग साडी खिडकीशी उजेडात धरा. निऱ्यांच्या आणि कमरेच्या जागी विरलेली असते, तो भाग आतल्या थरात जाऊ द्या.

सुती साड्यांची गोधडी करा. धुऊन धुऊन मऊ झालेलं सूत नवीन कापडात मिळत नाही, म्हणून तर बाळाला जुन्या साडीचीच गोधडी लागते. बाळाच्या मापाला साडेपाच मीटरची एक साडी पुरते. चार सारखे तुकडे करा, एकावर एक ठेवा, झाले चार थर. मोठ्या माणसासाठी साडीचे तीन तुकडे करून दोन शेजारी जोडले की एक थर होतो, साधारण सहा फूट बाय सात. असे चार-पाच थर घ्या. जमिनीवर ताणून पसरा, कोपऱ्यांवर वजन ठेवा, आधी मोठे कच्चे टाके घाला. नाहीतर शिवता शिवता आतला थर गोळा होतो आणि मग काही करता येत नाही. नंतर कडेपासून सुरुवात करून धावदोऱ्याने फिरत फिरत मध्यापर्यंत यायचं.

सिंथेटिक गोधडीत अजिबात नको. घाम शोषत नाही, रात्री अंगावर नकोसं होतं. त्याच्या भाजीच्या पिशव्या शिवा. मजबूत असतात आणि ओल्या मेथीची जुडी ठेवली तरी पटकन वाळतात. एका साडीत पाच दुहेरी पिशव्या बसतात. कापड फार सुटतं, म्हणून कडा आत दुमडून दोनदा शिलाई.

आणि खऱ्या जरीच्या साडीला कात्री लावू नका. जाणकाराला दाखवल्याशिवाय तर नाहीच.

ई-४०२: एवढं हाताने शिवणं मला जमणार नाही. कोणी शिवून देईल का?

ए-२०४: आमच्याकडे येणाऱ्या मावशी शिवतात. त्यांच्या घरी दोघी-तिघी मिळून बसतात. मागच्या वर्षी करून घेतली, टाका बघण्यासारखा आहे.

डी-१०३: किती घेतात? कापड तर आपलंच असतं ना.

बी-३०२: कापड आपलं असलं तरी मोठ्या गोधडीत हजारो टाके असतात आणि प्रत्येक टाका चार-पाच थरांतून ओढावा लागतो. बोटं आणि डोळे त्यांचे जातात. मावशी सांगतील ती मजुरी द्यावी, घासाघीस नको, अर्धे पैसे आधी. जुन्या साड्यांची म्हणून गोधडी स्वस्त, असं कुणी त्यांच्यासमोर म्हणू नये ही विनंती. आपली काटकसर कापडात व्हावी, त्यांच्या मेहनतान्यात नाही.

ए-५०१ काकू: अगदी. आणि रात्रपाळीचे वॉचमन थंडीत बसतात. दोन गोधड्या त्यांच्यासाठी ग्रुपने करून घेऊ. माझ्या सुती साड्या घ्या.

सी-६०१ (कमिटी): आधी त्यांना विचारते. आपल्याला द्यावंसं वाटतं म्हणून त्यांच्या गळ्यात नको. हवं असेल तर मजुरी हळदीकुंकवाच्या खर्चातून देऊ, वाणाचे पैसे वाचलेच आहेत. पिशव्यांची ऑर्डर देत नाही. ब्लाउजपीस रविवारपर्यंत माझ्याकडे आणून द्या. कोणाकडे जास्त असतील तर जास्त द्या, नसतील तर काहीच सक्ती नाही.

एफ-७०२: पत्रिका पण रविवारी आणते. मुलांना सुट्टी आहे, पाकिटं तीच करतील.

ए-२०४: दोरा लागेल. तुळशीबागेतून आणू का?

बी-३०२: आधी घरातली अर्धी वापरलेली रिळं गोळा करू, तीही भरपूर निघतील. आतल्या शिलाईला कुठलाही रंग चालतो. कमी पडली तर पांढरी तेवढी आणा. मशीन आणणाऱ्यांनी बॉबिन आणि सुया आपापल्याच आणा, एका मशीनचं बॉबिन दुसऱ्याला बसेलच असं नाही. डी-१०३, तुमच्या मशीनला आज रात्रीच तेल घालून जुन्या फडक्यावर थोडी शिलाई मारून बघा, नाहीतर पहिल्या दोन-तीन पिशव्यांवर तेलाचे डाग पडतील.